आवकबाबूंची खिडकी

खिडकीवर बसण्यापूर्वी ते चपला काढीत. शासकीय कार्यालयात अनवाणी बसून काम करणारा दुसरा कर्मचारी माझ्या एवढ्या वर्षांच्या व्यवसायात मी पाहिलेला नाही. याविषयी एकदा मी त्यांना विचारले असता ते म्हणाले, "पाय गरम असले का डोकं गरम होते. डोकं गरम झालं का समोरच्या मानसाले दोन शब्द जास्त लागते. मंग तो मानूस घरी जाऊन बायकोले बोलते. एवढं सारं काऊन करा? चपलाच काढून ठेवल्या."

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. अहेरीच्या रस्त्यावरील आमच्या गावी वनविभागाचे एक कार्यालय आहे. त्याच्या आवारातील मोहाच्या झाडाखाली माझा टेबल, एक बाक व एक छत्री आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी या भागातील निम्म्या घरांचे सुखदुःख माझ्या लेखणीखालून शासनाकडे गेलेले आहे, हे मी नम्रतापूर्वक नमूद करतो. रानडुकरांनी धान खाल्ले, वाघाने गाय नेली, कूप तोडीची, म्हणजे जंगलातील ठरवून दिलेल्या पट्ट्यातील झाडे तोडण्याची, मजुरी अडली, की माणूस प्रथम माझ्याकडे येतो आणि नंतर खिडकीकडे जातो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद जेथे स्वीकारतात, वहीत नोंदवतात आणि त्यावर ठप्पा उमटवतात, ती ही आवकची खिडकी. तिच्या आत ते बसत. त्यांना सारे जण आवकबाबू म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणेन.

माझ्या टेबलापासून ती खिडकी वीस पावलांवर होती. त्यामुळे त्या खिडकीत जे बोलले गेले, ते मी ऐकले आहे. जे कार्यालयाच्या आत घडले, ते मला चहाच्या वेळी सांगितले गेले. कार्यालयातील गोष्ट अर्जनवीसापासून लपत नाही.

आवकबाबूंच्या डोक्यावर भर मे महिन्यातही लोकरीची टोपी असे. पंखा नेमका डोक्यावर होता आणि वाऱ्याने त्यांचे कान दुखत. टेबल दोन हात सरकवला असता तर हा प्रश्न मिटला असता, परंतु सरकवल्यास फाटकातून येणारा माणूस दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे व त्यात निरनिराळ्या नंबरांचे पाच-सहा जुने चष्मे. म्हातारा माणूस खिडकीशी आला की ते डबा पुढे सरकवीत आणि म्हणत, "लावून पाह्य बावा, कोनता बसते." ठप्पा ते मारीत नसत, टेकवीत, लहान मुलाच्या गालाला तीट लावावी तसा. दर शनिवारी तो ठप्पा ते साबणाने धूत.

दीड ते दोन ही त्यांच्या जेवणाची वेळ. परंतु जेवायला ते कोठे जात नसत. खिडकीतच डबा उघडत. मग कोणी येऊन विचारले, "बाबू कुठी गेले जी?" की ते पोळी चावता चावता उत्तर देत, "जेवाले गेले. दोनले येतीन." आणि माणूस मुकाट्याने पायरीवर बसे. दोन वाजता ते तोंड पुसून, त्याच खुर्चीवरून हाक मारीत, "या, आले बाबू."

हा सर्व विक्षिप्तपणा कार्यालयाने चालवून घेतला होता. मात्र त्यांची एक रीत अशी होती की तिच्यामुळे माझे व त्यांचे कित्येक वर्षे जमले नाही. कोणताही अर्ज ते अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज घेत नसत. मराठी न समजणाऱ्या माडिया बाईला ते तिच्या बोलीत सांगत, सिरोंचाकडून आलेल्या माणसाला मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगत. शेवटच्या ओळीनंतर अर्जदाराकडे चष्म्यावरून पाहत आणि विचारत, "हा अर्ज तुहाच आहे ना?" तो 'हव' म्हणाला तरच ठप्पा.

आता अर्ज कसा लिहावा, हे शास्त्र आहे. माझे गुरू मला सांगून गेले होते की अधिकाऱ्याचे हृदय पहिल्या ओळीत द्रवले पाहिजे. म्हणून माझ्या प्रत्येक अर्जाचा प्रारंभ, "अर्जदार हा अत्यंत गरीब, निराधार व भूमिहीन असून" असा होई. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले होते की हात आपोआप चाले.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, नदीपलीकडची एक शेतकरी बाई आली. तिच्या शेताच्या बांधीतील उभे उन्हाळी धान रानडुकरांनी एका रात्रीत लोळवले होते. मी दोन पानांचा अर्ज लिहिला आणि तिला खिडकीकडे पाठवले. आवकबाबूंनी वाचायला आरंभ केला व पहिल्याच ओळीला बाईने त्यांना थांबवले.

"भूमिहीन म्हंजे काय जी?"

"म्हंजे तुह्याजवळ जमीन नाई."

"काऊन नाई? मंग डुकरायनं काय माह्यं अंगन खाल्लं?"

रांगेत हशा पिकला. आवकबाबू हसले नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी मला हाक मारली, "ओ वकीलसाहेब! जमीन नसलेल्या बाईचं धान कुठी होतं? आकाशात का?"

बाजाराचा दिवस. पन्नास माणसे. माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. मी जागेवरूनच उत्तर दिले की सदर शब्दयोजना परंपरेने चालत आलेली आहे. यावर ते म्हणाले, "परंपरा तुमची, वावर तिचं. नुकसानीचा कागद वर गेला असता तर साहेबानं एकच गोष्ट लिवली असती, जमीन नाई तर भरपाई नाई. लिवा दुसरा."

मी दुसरा लिहिला. रागाने लिहिला, पण लिहिला. त्या बाईचे काम पहिल्या फेरीत झाले. ते पाहूनही मी आठ दिवस आवकबाबूंशी बोललो नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले. मोहाची फुले पडून माझे कागद चिकट झाले होते. त्यांनी ती एकेक वेचून बाजूला केली आणि म्हणाले, "हे पाहा, ठप्पा लागला का कागद सरकारचा होते. त्याच्या आधी तो मानसाचा असते. माह्या हातात आहे तेवढा वेळ तरी त्याले मानसाचा राहू द्या ना." त्यानंतर आमचा अबोला संपला आणि माझ्या अर्जातून 'भूमिहीन' हा शब्द, जेथे तो खरा असेल तेवढी जागा सोडून, गेला.

अधिकाऱ्यांना ते पाहुणे म्हणत. "साहेब म्हंजे पाहुना. दोन-तीन वर्षं राह्यते अन् जाते. पाहुन्याले चहा पाजाचा, सारं घर नाई दाखवाचं." त्यांच्या काळात असे सहा-सात पाहुणे आले. बहुतेकांनी त्यांना त्यांच्या टोपीसकट सोडून दिले. त्या दिवसांत कार्यालय सैल होते, हेही मान्य केले पाहिजे. कोणी बारा वाजता येई, कोणी चारला उठे, फायली महिनोन्‌महिने एकाच टेबलावर उन्हाळा-पावसाळा काढीत. चार वाजता मात्र सगळे जण व्हरांड्यात एकत्र चहा घेत, एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा विचारीत, आणि आवकबाबू दिवसभरात ऐकलेल्या अर्जांतील गमती सांगत. कोणाचे नाव न घेता सांगत.

मग एक नवे साहेब आले. तरुण, पश्चिमेकडचे, स्वच्छ हाताचे. पहाटे जंगलात फिरून येत आणि सर्वांच्या आधी कार्यालयात हजर असत. नागपूरहून कुठलेसे प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि त्यांनी भिंतीवर एक पांढरा फळा लावला. त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव व त्याने दिवसात किती कागद हातावेगळे केले तो आकडा. चांगल्या आकड्यास हिरवी चकती, मंद आकड्यास लाल.

त्या फळ्याने पुष्कळ भले केले, हे मी न्यायबुद्धीने सांगतो. बाराला येणारे दहाला येऊ लागले. हिशेबाच्या टेबलावरील एक सुस्त गृहस्थ असे काही जागे झाले की त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले. त्यांना शर्यत हवी होती, ती कोणी लावली नव्हती इतकेच. परंतु एकच औषध सर्व प्रकृतींना लागू पडत नाही. चार वाजताचा चहा आपापल्या टेबलावर गेला. आणि आवकबाबूंच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून लाल चकती लागली ती निघेना. दुसरा माणूस ज्या वेळात दहा कागद घेईल, त्या वेळात त्यांचे दोन होत.

साहेबांनी त्यांना बोलावून समजावले, "बाबू, अर्ज वाचणे हे आवकचे काम नाही. घ्यायचा, नोंदवायचा, पुढे पाठवायचा."

"साहेब, न वाचता घेतला तर वापस येते."

"परत आला तर त्रुटी दुरुस्त करतील. त्यासाठी पुढचे टेबल आहे."

"पुढचं टेबल तुमच्यासाठी दहा पावलावर आहे, साहेब. नदीपलीकडच्या बाईसाठी दोन बसा बदलून आहे."

साहेब कठोर नव्हते, पण त्यांना वरून विचारणा होत होती. आठवड्याभरात आदेश निघाला. आवकबाबूंना मागच्या खोलीत जावकवर, म्हणजे बाहेर जाणारी डाक पाकिटात घालून पत्ते लिहिण्याच्या कामावर बसवले. खिडकीवर अनुकंपेवर लागलेली एक मुलगी आली. तिचे वडील वनरक्षक होते, नोकरीत असतानाच गेले. मुलगी चलाख, पण लाल चकतीला इतकी घाबरे की मान वर न करता ठप्पे मारी. लांबून ऐकले तर कोणी सुपारी फोडत आहे असे वाटावे.

रांग भराभर सरकू लागली. आणि महिन्याभराने तीच माणसे पुन्हा रांगेत दिसू लागली. गट क्रमांक राहिला, पंचनाम्याची तारीख चुकली, नावात फरक. एका म्हाताऱ्याने तर मला सरळ विचारले, "भाऊ, तुमी खराब लिवून राह्यले का आता?" माझ्याकडील गर्दी वाढली होती, कारण परत आलेला प्रत्येक अर्ज नव्याने लिहावा लागे. या वाढीचा मला आनंद झाला नाही, असे म्हणणे असत्य ठरेल. परंतु तो आनंद मला फार दिवस पुरला नाही.

मागच्या खोलीला एकच झरोका होता आणि त्यातून फाटक दिसत नव्हते. तेथे आवकबाबूंनी चपला काढणे सोडले. टोपी मात्र होती, पंखा नसूनही. ज्या माणसाने इतक्या वर्षांत आवकच्या वहीत खाडाखोड केली नाही, त्याच्या हातून दक्षिणेची डाक उत्तरेला जाऊ लागली. एकदा पाकिटात पत्र घालायचेच राहिले. आधी ज्ञापन मिळाले, मग कारणे दाखवा नोटीस. मी भेटायला गेलो तेव्हा ते पाकिटांच्या ढिगासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काय करून राह्यले बाबू?"

"पत्ते लिवून राह्यलो. मानूस दिसत नाई, पत्ताच दिसते."

त्यांचा मुलगा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीस. तो त्यांना केव्हापासून बोलावत होता. आवकबाबू एरवी या आमंत्रणाची थट्टा करीत. "तिथी जाऊन काय करू? गॅलरीत बसून कंपनीच्या बसा मोजू?" पण त्या नोटिशीनंतरच्या सोमवारी ते माझ्या बाकावर येऊन बसले. अर्जदाराच्या बाकावर. इतक्या वर्षांत प्रथमच.

"लिवा," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"स्वेच्छानिवृत्ती."

नोकरीची तीन वर्षे शिल्लक होती. मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिले. ते ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. अखेर मी लिहिला. माझ्या सर्व अनुभवाचे सार त्या अर्जात ओतले. प्रकृतिअस्वास्थ्य, कौटुंबिक अडचणी, वार्धक्याची चाहूल; एक पान भरले. मी अर्ज पुढे केला आणि त्यांनी न वाचता सही केली.

हा माणूस किराणा दुकानातल्या पुडीचा कागदही उलगडून वाचत असे.

ते उठून खिडकीकडे गेले व रांगेत उभे राहिले. पुढच्यांनी वाट करून दिली, त्यांनी घेतली नाही. त्यांचा क्रमांक आला तेव्हा मुलीने सवयीने कागद ओढला, ठप्पा उचलला, आणि नाव दिसल्याबरोबर हात वरच राहिला.

"भाऊ, हा तुमचा अर्ज आहे?"

"हव. मार ठप्पा."

तिने ठप्पा खाली ठेवला आणि अर्ज वाचू लागली. मोठ्याने.

"प्रकृती अस्वास्थ्यामुळे... काय झालं तुमाले?"

"काई नाई."

"कौटुंबिक अडचनीमुळे... कोनती अडचन आहे, भाऊ?"

"काई नाई. तू मार ना ठप्पा. मांगं लोकं उभे आहेत. लाल लागन तुले."

"लागू द्या." मुलीचे डोळे भरले होते, पण तिने कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "तब्येत चांगली आहे, घरी अडचन नाई. मंग हा अर्ज कोनाचा आहे? तुमचा तं नाई. मी घेत नाई. खरं कारन लिवून आना."

मी टेबलावरून उठलो होतो. आवकच्या लिपिकास अशी हरकत घेण्याचा अधिकार नाही, हे मला ठाऊक होते, व ते मी बोलणार होतो. तेवढ्यात आवकबाबू कागद घेऊन परत आले. चेहऱ्यावर राग होता की काय होते, मला सांगता येणार नाही.

"पोरीनं वापस केला," ते म्हणाले.

"तिला तसा अधिकार नाही. आपण साहेबांकडे..."

"बराबर केलं तिनं. लिवा दुसरा."

"पण काय लिहू? खरे कारण काय?"

बाजूला एका शेतकऱ्याचे पोतडे होते, त्याची सुतळी ते बोटाला गुंडाळत व सोडत राहिले. मग बोलले, आणि मी लिहीत गेलो. दोनदा मी त्यांच्या वाक्यात चांगला शब्द घालू पाहिला, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. माझ्या लेखणीतून इतका लहान अर्ज त्यापूर्वी उतरला नव्हता व त्यानंतरही उतरलेला नाही. तो असा होता:

"मी खिडकीवर असताना माझ्या हातून चूक होत नव्हती. मागच्या खोलीत होते. समोर माणूस नसला की मला कागद समजत नाही. खिडकी मिळाली तर नोकरी करीन. मिळणार नसेल तर मला घरी सोडावे."

तो त्यांनी स्वतः वाचला, दोनदा. मग सही केली. मुलीने तो घेतला.

साहेबांनी अर्ज तीन दिवस ठेवून घेतला. या तीन दिवसांत माझा एकही अर्ज मला नीट जमला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून, सरकारी कागद तू परत कसा केलास, असे विचारले. तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मी रोज सारेच कागद घेतो, तेच्यातले किती वापस येतात ते फळ्यावर नाई लिवत आपन." दुसऱ्या दिवशी साहेबांनी आवकच्या दोन वह्या मागवल्या, बाबूंच्या हाताची आणि मुलीच्या हाताची, आणि दार लावून घेतले. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी उठून उभा राहिलो.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "एक सांगा. तुमचे अर्ज पूर्वी कमी परत येत होते का?"

येथे मला माझी प्रतिष्ठा राखता आली असती. मी म्हणालो, "होय साहेब. माझ्या चुका बाबू पकडत होते."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. संध्याकाळी आदेश निघाला. फळा भिंतीवर राहिला, परंतु त्यावर परत आलेल्या कागदांचा एक रकाना वाढला. खिडकी मुलीकडेच राहिली. मात्र खिडकीच्या अलीकडे, व्हरांड्यात, एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. सकाळी दहा ते दोन आवकबाबूंनी तेथे बसून अर्ज वाचून द्यावा, मग अर्जदाराने खिडकीवर जावे. दुपारी त्यांनी मागच्या खोलीत जाऊन जावक पाहावी. या जावकेविषयी मला शंका होती. पण सकाळी माणसे भेटू लागल्यावर दुपारची पाकिटेही बिनचूक जाऊ लागली.

पुढे पूर्ण वयाने निवृत्त होऊन ते ऊर्जानगरला गेले. तेथील क्वार्टरांत कोणाचेही वीजबिल, शाळेचे परिपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी ते वाचून देतात आणि सून कंटाळली आहे, असे कानावर येते. चंद्रपूरला कामासाठी गेलो की मी त्यांच्याकडे जाऊन येतो. पण ते आठवतात ते मला व्हरांड्यातल्या त्या पहिल्या गुरुवारचे.

बाजाराची गर्दी होती. ते आले, टेबलाखाली चपला काढल्या आणि पहिला अर्ज उघडला. समोर पाठीला मूल बांधलेली एक तरुण बाई उभी होती. खुर्चीवर बस म्हटले तरी बसेना. इतक्यात साहेब व्हरांड्यात आले. ते जरा वेळ पाहत उभे राहिले. मग माणूस आपल्या चांगल्या निर्णयाची पावती मागतो, तशा संकोचाने त्यांनी विचारले, "काय बाबू, आता समाधानी आहात ना?"

आवकबाबूंनी मान वर केली नाही.

"साहेब, मंग विचारा," ते म्हणाले. "आता बाई उभी आहे." आणि साहेबांमुळे मध्येच थांबलेला अर्ज त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.